नाळेचं रक्त

मधुवंती: नाही काकूजी, घाबरू नका. बेबीला नवीन काही झालेलं नाही. औषध सुरू व्हायच्या आधी मला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

शालन: मग वर डॉक्टरांच्या खोलीतच इचारायचं की. ओल्या बाळंतिणीला दोन जिने उतरवलं. लिफ्ट बंद हाय तुमची.

मधुवंती: सॉरी. लिफ्टवाले भैया जेवायला गेले असतील. कौमुदीजी, आपण इथं बसा, या खुर्चीला गादी आहे. बेबीला पंख्याखाली नको.

शालन: मराठी हाय व्हय तुमी?

मधुवंती: हो ना. पापा मिलिटरीत होते, मूळ वर्ध्याचे. मी इथलीच, आदर्श नगरची. बाहेर सगळी हिंदी, माझं मराठी मम्मीशी बोलण्यापुरतं आहे, समजून घ्या.

शालन: 'काकूजी' म्हणलात तवाच वळखलं. आमच्या कराडकडं एकतर काकू आसती, न्हाईतर जी आसतं. दोन्ही एकाच बाईला देत न्हाईत.

कौमुदी: आई, त्यांना बोलू द्या ना. डॉक्टर, आत्ता अर्ध्या तासापूर्वी डॉक्टर सोहमनी आम्हाला सांगितलं की गरोदरपणात मला झालेल्या टॉक्सोप्लाज्मोसिसचा बाळाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आहे. उद्यापासून औषध, वर्षभर. ते ऐकून मी नुकता कुठे नीट श्वास घेतला, तेवढ्यात तुमचा निरोप आला. काय विचारायचंय?

मधुवंती: तो रिपोर्ट माझाच आहे. या लॅबची मायक्रोबायोलॉजिस्ट मी. आकडा मी पाहिला, सही मी केली. पण सही केल्यापासून तो मला खटकतो आहे.

कौमुदी: खटकतो म्हणजे काय?

मधुवंती: मतलब, बाकीचं सगळं वेगळं सांगतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, साफ. डोक्याची सोनोग्राफी साफ. वजन, लिव्हर, सगळं ठीक. एकटं रक्त म्हणतं की इन्फेक्शन आहे.

कौमुदी: पण मी वाचलंय की बहुतेक बाळं जन्मताना चांगलीच दिसतात. मग पुढे कधीतरी, शाळेत जायला लागल्यावरसुद्धा, डोळ्यात निघतं.

मधुवंती: बरोबर वाचलंय. म्हणून मी 'सगळं साफ आहे, विसरून जा' असं म्हणत नाही. मी फक्त विचारते आहे. जन्माच्या दिवशी जे रक्त घेतलं, ते बेबीच्या कुठून घेतलं? हातातून की टाचेतून?

कौमुदी: मला कसं माहीत असणार? मी टेबलावर होते, मला टाके घालत होते. टाचेतून असेल.

मधुवंती: टाचेवर काही खूण पाहिली? निळसर डाग, छोटी खपली?

कौमुदी: नाही. म्हणजे मी तशी शोधली नाही. आई, तिला पहिल्यांदा तुम्हीच घेतलं होतं ना?

शालन: मीच घेतलं.

मधुवंती: मग काकूजी, कुठं टोचलं होतं?

शालन: कुटंच न्हाई.

कौमुदी: कुठेच नाही म्हणजे? मग रक्त आलं कुठून?

शालन: नाळेतनं. ती केरळची नर्सबाई सुई घिऊन आली हुती. मी म्हणलं, बाई, पाचवी हुस्तवर लेकराचं रगत काडू नको. तिला माजी भाषा कळंना, मला तिची कळंना. पण हात जोडलेलं कुनालाबी कळतंय. ती आत गेली, वार ताटलीतच हुती, नाळंचा तुकडा हुता, तो पिळला आन् बाटली भरली. मला दावली बी. म्हणली, आम्मा, ओके.

कौमुदी: आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

शालन: तू कवा इचारलंस? रगत तपासायचं हुतं, तपासलं. कुनाला इजा न्हाई, काय न्हाई.

मधुवंती: एक मिनिट. काकूजी, पण जन्मल्यावर दोन इंजेक्शनं तर दिली असणार. एक मांडीत, एक दंडावर. ती चालली?

शालन: ती चालली. ती सुई आत काय तरी घालती, ही सुई बाहेर काडती. देनं येगळं, काडनं येगळं. पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर लिवती, तोवर लेकरातलं काय कमी करायचं न्हाई. आमच्या घरात आसंच हाय. हिच्या नवऱ्याचं, रणजीतचं बी आसंच केलं.

मधुवंती: अच्छा. हा फरक मला कुणी कधी सांगितला नव्हता.

कौमुदी: डॉक्टर, नाळेतून घेतलं तर काय बिघडतं? रक्त बाळाचंच असतं ना ते?

शालन: तेच म्हणते मी. नाळ लेकराची, रगत लेकराचं.

मधुवंती: नाळेच्या आतलं बेबीचं. बाहेरून नाळेला काय लागलेलं असतं?

शालन: बाहेरनं... हिचंच की. आईचं.

मधुवंती: हो. म्हणून नाळेतून घ्यायचंच असेल तर ती आधी पुसतात, मग शिरेत सुई घालून ओढतात. पिळली की आतलं आणि बाहेरचं एकत्र ट्यूबमध्ये. बऱ्याच टेस्टना त्याने फरक पडत नाही. ह्या टेस्टला पडतो.

कौमुदी: का?

मधुवंती: सोपं करून सांगते. अँटीबॉडी दोन धरा, एक 'जी' आणि एक 'एम'. जंतू पहिल्यांदा आला की शरीर आधी एम बनवतं. जी मागून येते, आणि ती जन्मभर राहते. गरोदरपणात आईची जी वारेतून बाळात जाते. एम मोठी असते, ती जात नाही.

शालन: आमच्या रेल्वेच्या पासागत. म्हंजे जीला पास हाय, एमला न्हाई.

मधुवंती: बिल्कुल! रेल्वेवाल्यांना लवकर समजतं. तर बाळाच्या रक्तात जी मिळाली तर आम्ही काहीच म्हणत नाही, ती आईची असू शकते. पण एम मिळाली, तर ती आईची असू शकत नाही. बाळाने स्वतः बनवली. मतलब, जंतू बाळापर्यंत पोचला.

कौमुदी: आणि तिच्यात एम मिळाली.

मधुवंती: ट्यूबमध्ये मिळाली. तिच्यात आहे की नाही, ते मला माहीत नाही.

कौमुदी: थांबा. माझ्या रक्तात एम अजून आहे?

मधुवंती: भरपूर. पाचव्या महिन्यात तुमच्या गळ्याशी गाठी आल्या, तेव्हा ते इन्फेक्शन नवीन होतं. एम महिनोन् महिने टिकते. एक थेंब पुरेल.

शालन: विरजनागत. पातेलंभर दुधाला येवढंसं लागतं.

मधुवंती: जवळपास. फक्त विरजण वाढतं, हे वाढत नाही. पण माझं मशीन इतकं तिखट आहे, की त्याला येवढंसं पण लागतं.

कौमुदी: बी.एस्सी.ला बाटली खळबळून न घेता कुणी सॅम्पल भरलं, तर आमचे सर सगळ्यांसमोर ते बेसिनमध्ये ओतायचे. म्हणायचे, हे तुमचं सॅम्पल नाही, हे बाटलीचं सॅम्पल आहे.

मधुवंती: तेच. आणि ओतायचा निर्णय मी एकटी घेऊ शकत नाही. मी वर जाऊन डॉक्टर सोहमशी बोलते. मला बेबीच्या हातातून थोडं रक्त हवं आहे, तिचं स्वतःचं. रिपोर्टला तीन दिवस लागतील. तोवर औषध थांबवायचं का, हे त्यांनी ठरवायचं.

कौमुदी: ते औषध वाईट आहे का?

मधुवंती: जिला गरज आहे तिला ते डोळे वाचवतं. जिला गरज नाही तिला उगीच. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते काम औषध हळू करतं. म्हणून वर्षभर सारखं रक्त तपासत राहावं लागतं. सुरुवातीला तर दर आठवड्याला.

शालन: दर आठवड्याला सुई?

मधुवंती: हो, काकूजी. दर आठवड्याला. आलेच मी.

कौमुदी: ऐकलंत?

शालन: ऐकलं.

कौमुदी: एक सुई चुकवायला गेलात.

शालन: ऐकलं म्हणलं ना. भैरी न्हाई मी.

कौमुदी: बरं, ते जाऊ दे. मांजर कुठे आहे?

शालन: आता मांजराचं काय मदीच?

कौमुदी: मधेच नाही. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांजर आयुष्यात एकदाच, फार तर दोन-तीन आठवडे विष्ठेतून हा जंतू टाकतं. आपली मनी सात वर्षांची आहे, तिचं ते कधीच होऊन गेलं असणार. आपण मागच्या अंगणात अळू लावला, ती माती मी हाताने उकरली. गाजरं न धुता खाल्ली. मटण कधी नीट शिजलं, कधी नाही. कुठून आलं ते कुणालाच कधी कळणार नाही, असं ते म्हणाले. आणि मी घरी आले तर मनी नाही. रणजीत म्हणतो, आईला विचार.

शालन: फुलेऱ्याला धाडली.

कौमुदी: फुलेऱ्याला? त्या जंक्शनला?

शालन: मालगाडीच्या गार्डाबरूबर. दशरथच्या. त्याच्या डब्यातनं गेली. त्याच्या घरी उंदरं लई झाल्यात. खाऊन-पिऊन सुखात हाय, दशरथनं फोटू बी धाडला. मला तो फोनवर उघडंना.

कौमुदी: आई, हसू नका. मी चिडलेय.

शालन: मी हसंना.

कौमुदी: तुम्ही माझ्या मागे ठरवता. मांजराचं ठरवलं, रक्ताचं ठरवलं. आठवडाभर मी त्या रिपोर्टची वाट बघत होते. मला वाटत होतं ते तिचं रक्त आहे. ती झोपली की मी तिच्या डोळ्यांवरून बोट फिरवून बघायची, उघडतील का, मला बघतील का. आणि ते रक्त... कदाचित माझंच होतं.

शालन: हळू. उठंल ती.

कौमुदी: उठू दे.

शालन: एक बोलू का? राग मानू नको.

कौमुदी: बोला.

शालन: साव्या महिन्यात डॉक्टर म्हणले हुते, पोटात सुई घालून आतलं पानी काडू, तपासू. लेकरापातूर आजार गेलाय का ते तवाच कळंल.

कौमुदी: हो.

शालन: तू न्हाई म्हणलीस.

कौमुदी: त्यात पाणी सांडून मूल जायची भीती होती. थोडी, पण होती.

शालन: व्हय. रणजीत म्हणत हुता करू. तुजी आई फोनवर म्हणत हुती करा. तू न्हाई म्हणलीस. तवा मी काय बोलले?

कौमुदी: काही नाही.

शालन: काय न्हाई बोलले. म्हणलं, तिच्या पोटात हाय, तिला भ्या वाटतंय, वाटू दे. मलाबी आसंच भ्या वाटलं. तुजं पुस्तकातलं हुतं, माजं माज्या सासूनं सांगितलेलं. भ्या येकच.

कौमुदी: पण मी ते सगळ्यांसमोर नाही म्हणाले होते, आई. दार लावून नाही.

शालन: तिच्या पायावर दुपटं घाल.

कौमुदी: तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. एवढंच.

शालन: व्हय. ते चुकलंच. सांगायला पायजे हुतं. तू फाटल्यागत झाली हुतीस त्या दिवशी, तुला हे काय सांगू म्हणलं. आन् मग राहूनच गेलं.

मधुवंती: आत येऊ? डॉक्टर सोहम हो म्हणाले. थोडे रागावले, पण आमच्यावर. म्हणाले, ट्यूबवर 'नाळ' लिहिलं असतं तर तू मला आधीच फोन केला असतास. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं. तीन दिवसांनी फार नुकसान होत नाही. आता बेबीचं रक्त घ्यायचं आहे. घेऊ?

कौमुदी: मला काय विचारता? घ्या.

मधुवंती: मी दोघींना विचारते आहे.

शालन: पाचवी झाली आता. घ्या.

मधुवंती: कुणी एक जण तिला धरा, दंड असा, मनगट असं. घट्ट नाही, पण हलू द्यायचं नाही. कौमुदीजी, तुम्ही?

कौमुदी: मला नाही धरवणार. आई, तुम्ही धरता?

शालन: मी? आण हिकडं. ये गं ठके. ये माजी बाय. बाई, येवढीशी शीर तुमाला दिसती तरी का?

मधुवंती: दिसते. थोडं चोळते, गरम झालं की वर येते. हे बघा, आली. आता रडेल. रडू द्या.

शालन: न्हाई रडायची. आमच्या घरची हाय, आमच्या घरच्या पोरी न्हाई रडत... आगं आगं आगं. झालं, झालं. बाई, अजून किती?

मधुवंती: ही दुसरी ट्यूब. छोटीच आहे, बोटाच्या नखाएवढी. झालं. इथं कापूस दाबून धरा.

शालन: मोप घसा हाय पोरीला. पार तिकडं सोडाल्याच्या वस्तीपातूर ऐकू गेलं आसंल.

मधुवंती: हे मी आत्ता, तुमच्यासमोर लिहिते. बेबी ऑफ कौमुदी, डाव्या हाताची शीर. कौमुदीजी, तुमचं पण थोडं घेते, आजचंच, दोन्ही एकाच वेळी लावीन. आता घरी जा. फोनवर वाचू नका जास्त.

कौमुदी: वाचणार.

मधुवंती: मी पण वाचते. ठीक है, वाचा.

(तीन दिवसांनी. तीच खोली, त्याच तिघी. बाळ शालनच्या मांडीवर.)

मधुवंती: सरळ सांगते. एम नाही.

कौमुदी: आकडा सांगा.

मधुवंती: पॉझिटिव्ह म्हणायला जिथं हवा, त्याच्या खूप खाली. शंका यावी असा नाही. मी दोनदा लावला. दुसऱ्यांदा दुसऱ्या मुलीला लावायला दिला, माझ्या हातावर माझा भरोसा नव्हता म्हणून.

शालन: म्हंजे न्हाई ना?

मधुवंती: अजून ऐका. 'ए' नावाची एक तिसरी अँटीबॉडी असते. ती पण वारेतून जात नाही. बेबीत ती पण नाही. मग मी नाळेची जुनी ट्यूब फ्रिजमधून काढली. आम्ही काही दिवस ठेवतो. तिच्यात ए होती, एम होती. कौमुदीजींच्या रक्तात दोन्ही आहेत. फक्त बेबीच्या हातातल्या रक्तात दोन्ही नाहीत.

कौमुदी: म्हणजे नाळेच्या ट्यूबमध्ये मी होते.

मधुवंती: थोड्या तुम्ही होत्या. हो. आणि जंतूचा स्वतःचा डीएनए शोधायला सॅम्पल बाहेर पाठवलं होतं, ते सकाळी आलं. तो पण नाही.

शालन: कौमुदी, आगं बस. उभी का राहिलीस?

कौमुदी: मला माहीत नाही. मी उभी आहे का?

शालन: बस. पानी घे.

कौमुदी: डॉक्टर, मग मी हे शंभर टक्के धरू? तिला झालेलंच नाही?

मधुवंती: नाही. शंभर टक्के नको.

कौमुदी: का?

मधुवंती: काही बाळांना झालेलं असतं आणि ती एम बनवतच नाहीत. शिवाय गरोदरपणात तुम्ही ज्या गोळ्या घेतल्या, त्यांनी पण ती दबू शकते. कमी वेळा होतं असं, पण होतं. मी खोटं सांगणार नाही.

शालन: आता तर न्हाई म्हणलात. आन् आता न्हाईला बी न्हाई म्हणताय.

मधुवंती: मला पण आवडत नाही काकूजी. आज औषध द्यावं एवढा पुरावा नाही, इतकं मी सांगू शकते. डॉक्टर सोहमचं पण तेच मत आहे. उद्यापासून काही सुरू करायचं नाही.

कौमुदी: पण कधीतरी नक्की कळेल का? की मी तिच्या डोळ्यांकडे आयुष्यभर बघत बसायचं?

मधुवंती: नक्की कळेल. बेबीत जी आहे. भरपूर आहे, जवळजवळ तुमच्याइतकीच. आज मी सांगू शकत नाही की ती तिची आहे की तुमच्याकडून आलेली. दिसायला दोन्ही सारख्या. पण तुमच्याकडून आलेली असेल तर ती नवीन बनणार नाही, कमीच होत जाईल. दर महिन्याला साधारण अर्धी. वर्षाच्या आत शून्य. तिची स्वतःची असेल तर थांबेल, किंवा वाढेल.

शालन: साठवनीतलं धान्य. नवं पिकत न्हाई तवर खाऊन सरतंय.

मधुवंती: हो. हे विरजणापेक्षा जास्त बरोबर आहे.

कौमुदी: म्हणजे दर महिन्याला यायचं.

मधुवंती: सुरुवातीला दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी जुनं सॅम्पल आणि नवं सॅम्पल मी शेजारी शेजारी लावीन. डोळ्यांची तपासणी पण चालू ठेवायची. आणि वाढताना दिसली, तर त्याच दिवशी औषध. उशीर होणार नाही, कारण आपण बघत असू.

कौमुदी: आणि शून्य झाली तर?

मधुवंती: तर तिला कधी झालंच नव्हतं. मग मी तसं लिहून देईन, आणि तेव्हा शंभर टक्के.

कौमुदी: विचित्र आहे. नऊ महिने वाटत होतं, माझं जे जे चांगलं ते हिच्यात जावं. आता माझं जे गेलंय ते लवकर संपावं म्हणून वाट बघायची.

मधुवंती: हो. असंच आहे.

शालन: आन् दूद? अंगावरचं? ते चालतंय का? त्यातनं काय जात न्हाई ना?

मधुवंती: दूध द्या, बिल्कुल द्या. दुधाचा याच्याशी काही संबंध नाही.

शालन: मग घे हिला, पाज. कवाधरनं मूठ चोकतीय.